एकच दिवस आहे: बेळगावचा किल्ला, येळ्ळूरचा राजहंसगड की कित्तूर?

दसरा झाला की आमच्या घरचे फोन वाढतात. पुण्याची आत्या, डोंबिवलीची बहीण, दाजी आणि त्यांची दोन मुलं, सगळ्यांचा बेत एकच असतो. दिवाळी झाली की बेळगावला यायचं, कुंदा खायचा आणि "एक दिवस कुठला तरी किल्ला बघायचा". हे 'कुठला तरी' फसवं आहे. सिंहगड-रायगड केलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे किल्ला म्हणजे डोंगर, बुरूज आणि धाप. आमच्याकडे हे सगळं एका जागी मिळत नाही. जिथे तट आणि खंदक भरभक्कम तिथे डोंगर नाही. जिथे डोंगर आहे तिथे जुनं काही फारसं उरलेलं नाही. आणि जिथली गोष्ट सगळ्यांत मोठी, तिथल्या भिंती निम्म्या पडलेल्या. म्हणून हल्ली मी पाहुण्यांना आधी विचारते, तुम्हाला किल्ल्यात काही बघायचंय, की किल्ल्यावरून बघायचंय, की तिथे उभं राहून काही ऐकायचंय? उत्तर आलं की गाडी कुठे वळवायची ते ठरतं.

तीन नावं नेहमी पुढे येतात. गावातला भुईकोट, येळ्ळूरच्या डोक्यावरचा राजहंसगड आणि धारवाडच्या वाटेवरचं कित्तूर. बाकीच्यांचं थोडक्यात पुढे सांगते, पण खरी निवड या तिघांतली.

सुरुवात भुईकोटापासून करते, कारण सगळ्यांत जास्त अन्याय त्याच्यावर होतो. आम्ही बेळगावकर त्याला नुसतं 'किल्ला' म्हणतो आणि किल्ला म्हणून बघत मात्र नाही. मध्यवर्ती बसस्थानकापासून इतका जवळ की रिक्षावाला मीटरचं नावही काढत नाही. शेजारी किल्ला तलाव, त्याच्या काठावर ११० मीटर उंच खांबावरचा तिरंगा; गावात शिरणाऱ्याला आधी तोच दिसतो. दाराशी गणपती आणि दुर्गा. लहानपणी आम्ही मंगळवारी आईबरोबर दुर्गेला जायचो, पण हात जोडून मागे वळलं की समोर खंदक आहे, हे मला कुणी कधी दाखवलं नाही. तो मी दाखवला दाजींना, चाळिशीत. त्यांनी खंदकाच्या कडेला उभं राहून खाली बघितलं आणि म्हणाले, "अगं, हा तर खराखुरा किल्ला आहे की!"

खराखुरा म्हणजे किती, तर साधारण हजार यार्ड लांब आणि आठशे यार्ड रुंद. सौंदत्तीचे रट्ट राजे आपली राजधानी इकडे, वेणुग्रामात, घेऊन आले, त्या काळातली ही जागा. चौथ्या कार्तवीर्याचा अधिकारी बीचिराज याने १२०४ साली आत नेमिनाथाची बस्ती, म्हणजे जैन मंदिर, बांधली. तीच कमल बस्ती. माझ्या मते अख्ख्या जिल्ह्यात एका तासात बघून होईल अशी याहून सुंदर वस्तू नाही. काळा दगड, आत शिरताच अंगाला लागणारा गारवा, आणि छतातून खाली झुकलेलं दगडी कमळ. त्याच्या पाकळ्या तीन वर्तुळांत, प्रत्येक वर्तुळात चोवीस. मागचे, आताचे आणि पुढचे असे चोवीस-चोवीस तीर्थंकर, मिळून बहात्तर. आत्याचे दोन्ही गुडघे दुखतात, तिला डोंगर वर्ज्य. पण इथे तिने मान वर केली ती खाली घेईना. भाचीने विचारलं, "हे पडलं तर?" आत्या म्हणाली, "आठशे वर्षं नाही पडलं, तू आलीस म्हणून पडणार आहे का?"

इथे एक गोष्ट पाहुण्यांना मी मुद्दाम सांगते. या बस्तीला दिलेल्या दानाचे १२०४ चे दोन शिलालेख बेळगावात नाहीत. ते लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. दगडाने केलेला एवढा प्रवास ऐकला की मुलंसुद्धा क्षणभर गप्प होतात.

बस्तीशेजारी आणखी एक पडकी बस्ती आहे, तिला चिक्की बस्ती म्हणतात. कानडीत चिक्क म्हणजे लहान. तिथून पुढे आत गेलं की सफा मशीद. विजापूरच्या आदिलशाहीतला सरदार असदखान याने ती १५१९ मध्ये बांधली. ती लष्कराच्या हद्दीत येते, तेव्हा पहाऱ्यावरच्या जवानाला विचारूनच पाऊल टाका. तो 'आज नाही' म्हणाला तर वाद न घालता मागे फिरा. जाऊ दिलं तर तिचे खांब नीट बघा. एका खांबावर ११९९ चा, त्याच चौथ्या कार्तवीर्याचा लेख आहे आणि दुसऱ्यावर १२६१ चा, यादव राजा कृष्णाचा. भाषा कानडी, लिपी नागरी. एकाच छताखाली रट्ट, यादव आणि आदिलशाही. आमच्या भागात भाषेवरून रोज जे काही चालतं, ते ऐकणाऱ्या पाहुण्याला हा खांब दाखवावा असं मला नेहमी वाटतं. बोलायचं काही नाही, नुसता दाखवायचा.

लढाई ऐकायची असेल तर तीही इथे आहे. १४७२-७३ च्या सुमारास बहमनी वजीर महमूद गवान इथे वेढा घालून बसला, त्याने तटाखाली दारूचे सुरुंग उडवून वाट काढली. तटाला सुरुंग लावायची कला दख्खनेत तेव्हा नवी होती. पुढे १८१८ मध्ये मराठ्यांकडून हा किल्ला जनरल मन्रोने घेतला, तोही सुमारे तीन आठवडे झुंजल्यावर. हे मन्रो नाव लक्षात ठेवा, कित्तूरला पुन्हा भेटेल. आणि १८९२ च्या ऑक्टोबरात स्वामी विवेकानंद बेळगावात आले तेव्हाचे त्यांचे काही दिवस याच किल्ल्यातल्या हरिपद मित्रांच्या घरी गेले. तिथे आता रामकृष्ण मिशनचा आश्रम आहे. दमलेल्या माणसाने बसायला याहून शांत जागा गावात नाही.

मग उणं काय? उणं हेच की इथे किल्ल्यावर चढल्याचं समाधान मिळत नाही. तटावरून मोकळं फिरता येत नाही, आत रहदारीचा रस्ता आहे, घरं आहेत, लष्कराचे फलक आहेत. 'वर पोचलो' असा क्षण नाही. मुलांना पहिला तास बरा जातो, दुसऱ्या तासाला "आता किल्ला कधी येणार?" सुरू होतं. फोटो काढायचीही सगळीकडे मोकळीक नाही, आणि हे आधी सांगितलं नाही तर पोरं फलकासमोरच फोन वर करतात. ओळखपत्र खिशात असू द्या.

राजहंसगड याच्या बरोबर उलट. वडगावातून येळ्ळूरच्या रस्त्याला लागलं की पंधरा-सोळा किलोमीटरांत काम झालं. दिवाळीनंतर गेलात तर दोन्ही बाजूंना सुगी चाललेली असते. भाताची कापणी, रचलेल्या गंज्या, आणि हवेत तो कोरडा गोड वास. येळ्ळूरचा बासमती नावाजलेला. गावातून पुढे डोंगर चढणारा रस्ता थेट गडाच्या दारापर्यंत जातो. म्हणजे आत्याला गाडी तिथवर नेते, आणि राहिलेल्या पायऱ्या ती भाचीच्या खांद्यावर हात ठेवून, थांबत थांबत चढते. किल्ल्याला जायचं म्हणून बूट घालून तयार झालेले दाजी मात्र गाडीतून उतरताना थोडे खट्टू होतात. ज्यांना चालायचंच आहे त्यांनी गाडी खाली गावात ठेवावी आणि सकाळी लवकर वर चालत जावं. मी तसं एकदाच केलं, आणि तेच सगळ्यांत चांगलं आठवतं.

वर काय आहे? एकदा गावातल्या एका आजोबांना विचारलं तर ते म्हणाले, "वर काय हाय बगायला? वारं हाय नुस्तं." हे खोटं नाही. सिद्धेश्वराचं देऊळ आहे, तट आणि बुरूज आहेत, पण बरंचसं काम नव्याने दुरुस्त केलेलं. जुना दगड कुठे संपला आणि नवा कुठे सुरू झाला हे सरळ कळतं. मला ते खटकतं, दाजींना नाही. त्यांच्या मते पडक्या बुरुजापेक्षा उभा बुरूज बरा, निदान मुलांना किल्ला म्हणजे काय ते कळतं. त्यांचं म्हणणं मला पूर्ण खोडून काढता आलेलं नाही. मधोमध शिवछत्रपतींचा भव्य पुतळा आहे. मार्च २०२३ मध्ये त्याचं अनावरण तीन दिवसांच्या अंतराने दोनदा झालं, आधी सत्ताधाऱ्यांनी केलं, मग विरोधकांनी. विधानसभेची निवडणूक दोन महिन्यांवर होती. गडावर आलेल्या पाहुण्याला हे सांगितलं की तो हसतो, मग पुतळ्याकडे बघतो आणि गप्प होतो.

पण वारं! ते खरोखर बघण्यासारखं आहे. बेळगावच्या पठारावर मधेच वर आलेला हा डोंगर, त्यामुळे चारी बाजू मोकळ्या. उत्तरेला अख्खं बेळगाव पसरलेलं, पश्चिमेला सह्याद्रीच्या निळ्या रांगा एकीमागे एक, दक्षिणेला खानापूरकडची झाडी. इथे उभं राहिलं की हा गड इथेच का, हे कुणी सांगावं लागत नाही. खालच्या भुईकोटाला दूरचं दिसत नाही, ते इथून दिसतं. रट्टांपासूनची ही टेहळणीची जागा, पुढे असदखानाने बांधून काढली, असं सांगतात. म्हणजे मशीद बांधणारा तोच. सकाळी गडावर उभं राहून खाली बोट दाखवायचं, "तो बघा किल्ला", आणि दुपारी त्याच किल्ल्यात उतरायचं. माझ्या मते बेळगावच्या एका दिवसाचा हाच खरा डाव आहे, कारण दोन्ही किल्ले एकमेकांशिवाय अर्धे आहेत.

ऋतूचं मात्र सांभाळा. एकदा जुलैत बहिणीच्या हट्टापायी वर गेलो. वाटेत एका बाईने विचारलंच होतं, "धुक्यात कशाला जाऊलासा वर?" आम्ही ऐकलं नाही. वर पोचलो तर पाच पावलांवरचं दिसेना. पुतळ्याचा चौथरा दिसला, पुतळा नाही. छत्र्या उलट्या झाल्या, भाचा रडकुंडीला येऊन म्हणाला, "किल्ला कुठाय?" आणि आम्ही किल्ल्याच्या मधोमध उभे होतो. काही जणांना हे धुकंच हवं असतं, विशेषतः तरुण जोड्यांना, त्यांचं वेगळं. देखावा हवा असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी दहाच्या आत. मार्चनंतर ऊन जाळतं आणि वर सावली नाही म्हटलं तरी चालेल. पाणी खालूनच न्या. खायला घरून दशम्या आणि शेंगाचटणी बांधून न्यावी, उरलं तर परत आणावं. गडावर कागद आणि बाटल्या टाकणाऱ्यांबद्दल इथे लिहीत नाही, नाहीतर लेख त्यातच संपेल.

आता कित्तूर. हे पन्नासेक किलोमीटर, पुणे-बंगळूर महामार्गावर धारवाडच्या दिशेने. रस्ता चांगला, तासाभरात पोचता. पण जाऊन-येऊन आणि बघून दिवसाचा मोठा तुकडा जातो, म्हणून वरच्या दोघांबरोबर ते एका दिवसात कोंबू नका. मी एकदा कोंबलं. संध्याकाळी सातला भुईकोटाच्या दाराशी पोचलो, आणि आत्याने गाडीतूनच दुर्गेला हात जोडले. एवढंच झालं.

कित्तूरला जायचं ते गोष्टीसाठी. १८२४ मध्ये गादीला औरस वारस नाही म्हणून कंपनी सरकारने दत्तक नाकारला आणि संस्थान ताब्यात घ्यायला धारवाडचा कलेक्टर थॅकरे फौज घेऊन आला. २३ ऑक्टोबर १८२४ ला राणी चन्नम्माच्या माणसांनी त्याला किल्ल्यापुढे मारलं. झाशीच्या आधी तेहतीस वर्षं. डिसेंबरात कंपनी मोठी फौज घेऊन परत आली, किल्ला पडला, राणी बैलहोंगलच्या कैदेत गेली आणि १८२९ मध्ये तिथेच वारली. तिचा साथी संगोळ्ळी रायण्णा पुढे लढत राहिला, त्याला १८३१ च्या २६ जानेवारीला नंदगडला फासावर दिलं. नंदगड आपल्या खानापूर तालुक्यातलं, तिथे त्याची समाधी आहे. राणीचं माहेर काकती, म्हणजे बेळगावपासून हाकेच्या अंतरावर, कोल्हापूरच्या वाटेवर. महामार्गाने येताना तुम्ही त्या गावावरून गेलेले असता.

आणि मन्रो? १८१८ मध्ये त्याने बेळगावचा किल्ला घेतला तेव्हा कित्तूरच्या देसायांनी त्यालाच साथ दिली होती, त्या बदल्यात कंपनीने त्यांचं संस्थान राखलं. सहाच वर्षांत त्याच कंपनीने ते गिळलं. डिसेंबर १८२४ च्या लढाईत मन्रोचा पुतण्या, सोलापूरचा सब-कलेक्टर, कित्तूरपुढे मेला. भुईकोट आणि कित्तूर हे दोन किल्ले एका गोष्टीची दोन टोकं आहेत, आणि ते पाठोपाठ बघितले तरच कळतं. मराठी पाहुणा कित्तूरला जरा अंग चोरून उभा राहतो, 'ही आपली गोष्ट नाही' असं त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. आपली आहेच, फक्त आपण तिच्यात दर वेळी चांगल्या बाजूला नाही. मल्लसर्ज देसायांना दुसऱ्या बाजीरावाने पुण्यात अडकवून ठेवलं होतं. सुटले तेव्हा शरीराने खचलेले होते, १८१६ मध्ये गेले. आत्या सदाशिव पेठेतली, तिला हे ऐकून जरा लागलं. "आम्हाला शाळेत कुणी शिकवलं नाही," म्हणाली. शिकवत नाहीतच.

प्रत्यक्ष बघायला तिथे राजवाड्याच्या भिंती आहेत. छप्पर नाही, पण खोल्यांची मांडणी जमिनीवर स्पष्ट उरली आहे. इथे चौक, इथे न्हाणी, इथे विहीर, हे बोट दाखवून सांगता येतं. भिंती इतक्या जाड की आमचा भाचा कोनाड्यात अख्खा बसला. ध्रुवतारा दिसावा म्हणून ठेवलेलं भोक दाखवतात, दिवसा त्यातून निळं आभाळच दिसतं, पण मुलं रांग लावून बघतात. मुलांसाठी तिघांत हेच सरस, असं माझं मत बनलं आहे. राजहंसगडावर ती वाऱ्यात धावतात आणि दमतात, भुईकोटात कंटाळतात, इथे मात्र 'ही माझी खोली, ती तुझी' असा खेळ आपोआप सुरू होतो. जवळच वस्तुसंग्रहालय आहे, मूर्ती, शिलालेख, हत्यारं. फलक बहुतेक कानडीत. मला शाळेतलं कानडी येतं म्हणून मी वाचून दाखवते. ज्यांना येत नाही त्यांनी घरूनच गोष्ट वाचून यावं, नाहीतर नुसत्या पडक्या भिंती बघून परत जाल आणि मला नावं ठेवाल.

तिथे एका हौशी माणसाने आम्हाला फिरवलं आणि प्रत्येक भोकाला 'भुयार, थेट बेळगावपर्यंत' असं सांगितलं. पन्नास किलोमीटर! दाजींनी विचारलं, मधे टोल लागतो का? असल्या माहितीला पैसे देऊ नका.

दिवाळीच्या आसपास येणाऱ्यांसाठी एक सूचना. २३ ते २५ ऑक्टोबर कित्तूर उत्सव असतो, राणीच्या विजयाचा. गर्दी, मिरवणूक, गाणी, कुस्त्या. उत्सव बघायचा असेल तर याच दिवसांत या, किल्ला बघायचा असेल तर हे तीन दिवस टाळा. दोन्ही एकाच दिवशी होत नाही.

बाकीच्यांचं पटकन सांगते. भीमगड हा खानापूरच्या जंगलातला शिवकालीन गड, तरुणांच्या तोंडी सतत असतो. पण तो २०११ पासून अभयारण्यात आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय आत पाऊल नाही, आणि सहकुटुंब सहलीची ती जागाच नव्हे. त्याच जंगलातल्या बारापेडेच्या गुहांत रॉटनचं वटवाघूळ राहतं, जगात फार थोड्या ठिकाणी सापडणारं. त्याला तरी शांत राहू द्या. संकेश्वरजवळचा वल्लभगड, हरगापूरचा, हा मात्र पुण्या-कोल्हापूरहून गाडीने येणाऱ्यांच्या वाटेवरच आहे. छोटा आहे, वर कातळात उतरलेली विहीर आहे. तासाभराची फोड म्हणून उत्तम, पण त्यासाठी बेळगावहून उलट जाऊ नये. सौंदत्तीचा किल्ला अठराव्या शतकातला, आठ बुरुजांचा, आणि पलीकडे जुना परसगड. यल्लम्माच्या डोंगराला जाणारच असाल तर जोडीला घ्या, नुसत्या किल्ल्यासाठी ऐंशी किलोमीटर दूर पडतात. आणि पारगड, महिपालगड हे सीमेपलीकडचे, चंदगड तालुक्यातले. पारगडावर तानाजीच्या मुलाचे, रायबाचे, वंशज आजही राहतात, पण त्याला दिवस पुरा द्यावा लागतो. तो वेगळ्या लेखाचा विषय.

तर निवड कशी करायची? बरोबर म्हातारी माणसं असतील आणि दिवस उन्हाचा असेल तर भुईकोट, दुसरा विचार करू नका. कमल बस्तीत सावली आहे, गारवा आहे, चढ नाही, आणि कंटाळा आला तर दहा मिनिटांत घर. पोरं मोठी, हातात कॅमेरा, पाय शिवशिवतायत, तर राजहंसगड, पण पावसाळ्यात नाही. शाळकरी मुलं आणि इतिहासाचं वेड लागलेला एखादा बाप असेल तर कित्तूर, आणि बेळगावातून नाही तर हुबळी-धारवाडहून परतताना, म्हणजे फेरा वाचतो. फक्त दोन तास असतील, संध्याकाळची गाडी पकडायची असेल, तर भुईकोटच. बसस्थानकाच्या इतका जवळ दुसरा किल्ला मी तरी पाहिलेला नाही.

आणि मला विचाराल, तर मी दोन जोडते, तीन नाही. मागच्या वर्षी असं केलं. सकाळी सातला निघालो, आठच्या आत राजहंसगडावर. ऊन चढायच्या आधी वारा खाऊन घेतला, सिद्धेश्वराच्या देवळापाशी दशम्या सोडल्या. आत्याने तटावरून खालचं गाव बघितलं, भुईकोट कुठे ते मी दाखवलं. तिला दिसला की नाही कुणास ठाऊक, ती "हो हो" म्हणाली. साडेदहाला खाली. घरी जेवण, एक डुलकी, आणि चार वाजता किल्ल्यात. तेव्हा ऊन तिरपं येतं आणि बस्तीच्या दारातून थोडं आत सरकतं. ते कमळावर पडत नाही, पण खांबांना लागतं आणि काळा दगड क्षणभर तपकिरी होतो. ही वेळ चुकवू नका. मग आश्रमात शांत बसणं, आणि बाहेर पडताना दुर्गेला नमस्कार.

कुंदा शेवटी घ्या. सकाळीच घेतला तर गाडीत मागच्या सीटवर डबा उघडतो, आणि गडावर पोचेपर्यंत पुण्याला न्यायचं काही उरत नाही.